ट्रेनवाले आजोबा

ज्यांची सिग्नल केबिन बंद करायच्या कामावर मी इंग्लंडमध्ये आलो, ते गृहस्थ गेल्या महिन्यात वारले. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आणि ते असते तर 'माझं नाव कशाला छापतोस' म्हणून डाफरलेच असते. माझी मुलगी त्यांना ट्रेनवाले आजोबा म्हणायची. इथेही तेच चालवतो.

ब्रिटनच्या रेल्वेने २०११ च्या सुमारास ठरवलं की देशभर विखुरलेल्या ८०० हून जास्त केबिन टप्प्याटप्प्याने बंद करायच्या आणि सगळा कारभार मोजक्या मोठ्या केंद्रांतून चालवायचा. त्या अवाढव्य कामाच्या एका कोपऱ्यात आमची टीम होती. जुन्या केबिनमध्ये कुठला लिव्हर कुठल्या लिव्हरला अडवतो हे समजून घ्यायचं आणि तेच सगळं संगणकावर बसवायचं, हे माझं काम. आजोबा त्या केबिनचे सिग्नलर. म्हणजे मी त्यांच्या पोटावर पाय द्यायला आलेला माणूस, असं त्यांना वाटलं असतं तर त्यात काही गैर नव्हतं. वाटलंही असेल. मला कधी जाणवू दिलं नाही.

भुसावळ-मनमाडकडच्या वाचकांना केबिन काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: गाड्यांचे सिग्नल आणि रूळ जिथून हलवतात ती जागा. वरच्या मजल्यावर काचांची खोली, मधोमध कमरेच्या वर येणारे पोलादी लिव्हर ओळीने उभे. लाल म्हणजे थांबायचे सिग्नल, पिवळे म्हणजे पुढची आगाऊ सूचना देणारे, काळे सांध्यांचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), निळे त्या सांध्यांच्या कुलपांचे, पांढरे वापरात नसलेले. वरच्या फळीवर घंटा. पलीकडच्या केबिनशी बोलणं ठोक्यांनी. गाडी आपल्या हद्दीतून पुढच्याच्या हद्दीत शिरली की दोन ठोके, ती सुखरूप पार झाली की तिकडून दोन आणि एक. प्रत्येक ठोक्याची वेळ रजिस्टरमध्ये.

पहिल्याच दिवशी मी उत्साहाने एका लिव्हरला हात घालणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर फडकं ठेवलं. घामाने पोलाद गंजतं, म्हणून लिव्हर उघड्या हाताने धरायचा नाही. फडकं धुतलेलं, चार घड्या घातलेलं. इतकी वर्षं त्या मुठी आरशासारख्या चकचकीत कशा राहिल्या, ते तेव्हा कळलं.

आमच्याकडचे नकाशे जुने होते आणि बऱ्याच ठिकाणी खोटं बोलत होते. आजोबा मला खालच्या मजल्यावर घेऊन जायचे. लिव्हरांच्या पोटात असलेली लोखंडी पट्ट्यांची आणि खाचांची जाळी तिथे असते, ग्रीसने माखलेली. बॅटरी माझ्या हातात देऊन ते वर जायचे आणि एक लिव्हर ओढून दुसरा ओढायचा प्रयत्न करायचे. वरून आवाज यायचा, "आला नाही. का ते सांग." उत्तर त्यांना ठाऊक असायचं, पण सांगायचे नाहीत. मी खाली गुडघ्यावर बसून पट्टी शोधत असायचो आणि ते वर चहा पीत असायचे. या पद्धतीने शिकलेलं मी आजतागायत विसरलेलो नाही. ऑफिसात नवीन येणाऱ्या पोरांना मी उत्तर चटकन देऊन टाकतो, वेळ नसतो म्हणून. आजोबांना वेळ कुठून मिळायचा, कोण जाणे.

केबिन बंद झाली त्या रात्री फोटो काढायला बरीच मंडळी जमली होती. शेवटची गाडी गेली, मग त्यांनी पलीकडच्या केबिनला ७-५-५ ठोके दिले. केबिन बंद होत असल्याचा हा ठरलेला संकेत. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली आणि आमच्या मॅनेजरला विचारलं, "ही किटली प्रोजेक्टची का माझी?" किटली घेऊन घरी गेले.

पुढे निवृत्तीपर्यंत ते आमच्याच ऑफिसात सल्लागार म्हणून बसले. देवमाणूस वगैरे नव्हते हो. आमच्या स्क्रीनना ते शेवटपर्यंत टीव्हीच म्हणायचे. कॉफीच्या मशीनशी त्यांचं उघड वैर होतं. मीटिंग लांबली की डोळे मिटून घ्यायचे आणि नेमक्या चुकीच्या वाक्याला उघडायचे. पण खिशात एक लहानशी वही असायची. कुणाच्या मुलाची परीक्षा कधी, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन कधी, सगळं त्यात. केबिनच्या दिवसांपासूनची सवय. त्या तारखा पाहून ते स्वतःहून शिफ्ट बदलून घ्यायचे, समोरच्याला मागावी लागायची नाही. माझ्या आईचं विमान कधी उतरतं तेही त्यात होतं. आई आल्यावर ते बायकोला घेऊन तिला भेटायला आले. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी नाही. दोघं तासभर नातवंडांचे फोटो दाखवत बसले.

२५ डिसेंबरला इथे प्रवासी गाड्या जवळजवळ बंदच असतात, म्हणून रुळांची मोठी कामं तेव्हाच निघतात. निवृत्तीनंतर आजोबा त्या दिवशी सकाळी आमच्या साइटच्या कुंपणापाशी हजर. आत यायची त्यांना परवानगी नाही, नियम त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त पाठ. मग कुंपणावरून मिन्स पायचा (नाताळातल्या सुक्या मेव्याच्या गोड पदार्थाचा) डबा द्यायचा, काय चाललंय ते विचारायचं आणि जेवणाआधी घरी पोचायचं. नातवंडं वाट बघत असायची.

ते गेल्याचं कळलं आणि माझं पहिलं मन आपल्याकडचं: ताबडतोब निघावं. पण इथे तसं नसतं. आधी डॉक्टरांची कागदपत्रं, मग नोंदणी, मग स्मशानगृहाची वेळ मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. तोवर घरी न विचारता जाऊन बसायची रीत नाही. मी कार्ड पाठवलं, आणि हात बांधून बसल्यासारखं वाटत राहिलं. मग त्यांच्या मुलीचा फोन आला, "बाबांना खांदा द्याल का?"

अंत्यसंस्कारवाल्या कंपनीच्या माणसाने आम्हा सहा जणांना आधी मागच्या बाजूला नेऊन उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. मी सगळ्यांत बुटका, माझ्या जोडीला त्यांचा थोरला नातू. पेटी खांद्यावर घेतली की एकमेकांच्या पाठीवरून हात टाकून पलीकडचा खांदा धरायचा असतो, त्याने तोल राहतो. त्या पोराची बोटं माझ्या कोटात रुतली होती. काळे कपडे नकोत असा निरोप होता, म्हणून सगळ्या रेल्वेवाल्यांनी साइटवरच्या जाकिटाच्या रंगाचे नारिंगी टाय लावले होते. दुकानात मिळेल ती छटा घेतलेली, त्यामुळे पहिल्या रांगेत गाजरापासून भोपळ्यापर्यंत सगळं होतं.

मुलगी बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. आम्ही ज्या शिफ्ट-बदलाचं कौतुक करतो त्याची दुसरी बाजू तिने सांगितली. दुसऱ्यांच्या मुलांच्या वाढदिवसांना त्यांचे बाबा घरी असायचे, कारण तिचे बाबा केबिनमध्ये असायचे. लहानपणी तिला त्या वहीचा राग यायचा. एकदा तिने ती लपवून ठेवली. बाबांनी शोधली नाही, नवीन वही आणली आणि पहिल्या पानावर तिच्याच तारखा लिहिल्या, शाळेच्या संमेलनापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत. हे सांगताना ती हसत होती, आम्हीच खाली बघत होतो. आमच्यातल्या कितीजणांची सुट्टी तिच्या खात्यातून गेली होती!

रात्री आईला फोन केला. "खांदा दिलास ना, बरं केलंस," म्हणाली, आणि लगेच, "आल्यावर अंघोळ केलीस का?" केली होती.

त्या दिवशी अंत्यसंस्कारानंतरच्या चहा-सँडविचला आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, गॅरेजमध्ये ह्यांची कागदांची खोकी आहेत, नातवाची सायकल ठेवायला जागा हवी आहे, रविवारी येऊन काय हवं ते घेऊन जा, उरलेलं मी टाकणार. गेलो. केबिनच्या खालच्या मजल्याची त्यांनी हाताने काढलेली चित्रं निघाली, प्रत्येक पट्टीला नंबर, कधी काय बदललं त्याची तारीख. आमचे नकाशे जिथे जिथे चुकले होते तिथे त्यांची बरोबर होती. म्हणजे सगळं कागदावर तयार असताना या माणसाने मला महिनोन्महिने ग्रीसमध्ये बसवलं होतं. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मलाही गाडी चालवायला असंच शिकवलं त्यांनी. दोनदा नापास झाले मी."