तुम्ही विचारलंत म्हणून: जपानात दारूवर एवढे पैसे गेले कुठे?

"जपानला जाऊन दारूवर एवढे पैसे घातलेस?" हे मला सासूबाईंनी विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका काकूंनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता हळूच विचारलं. बातमी फुटली ती नवऱ्याच्या एक्सेलमुळे. दिवाळीच्या सुट्टीत केलेल्या जपानवारीचा त्यानं पैपैचा हिशेब मांडला आणि पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून निम्म्या नातेवाइकांना पाठवूनही दिला. त्यात 'पेय' नावाचा रकाना आहे, आणि तो 'रेल्वे'पेक्षा मोठा आहे. शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, धरून. सासूबाईंच्या मते तेवढ्यात एक बरी अंगठी झाली असती. झाली असती, वाद नाही. पण सात दिवसांचा रेल्वे पास 2023 च्या ऑक्टोबरात एका फटक्यात पन्नास हजार येनचा झाला, त्याबद्दल मात्र कोणी मला विचारत नाही.

असो. विचारलंतच तर सांगते. पैसे महागड्या बाटल्यांवर गेले नाहीत, पाचशे-सहाशे येनच्या पेल्यांवर गेले.

शंभर येन म्हणजे आपले पंचावन्न-साठ रुपये. पण फिरताना डोक्याला ताप नको म्हणून आपण सरळ निम्मे धरतो. सहाशे येनचा पेला म्हणजे तीनशे रुपये. पुण्यातल्या बऱ्यापैकी बारमध्ये तीनशे रुपयांत काय येतं? मग तो पेला स्वस्तच वाटतो, आणि त्याच्या शेजारची, तीन वेगवेगळ्या साके (तिथली तांदळाची दारू) चाखायला देणारी पंधराशे येनची थाळी तर फारच शहाणपणाची वाटते. असं वाचवत वाचवत माणूस चौथ्या पेल्याला पोचतो. शिवाय मेनूवर ठळक लिहिलेली किंमत बऱ्याचदा कर सोडून असते. बांधून नेलेल्या खाण्याला जपानात आठ टक्के विक्रीकर आहे, दारूला मात्र सवलत नाही, सरळ दहा.

इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्या-पिण्याच्या अड्ड्यात, बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येते. कधी उकडलेला मुळा, कधी माशाचे चार तुकडे. तिला ओतोशी म्हणतात आणि माणशी तीनशे ते पाचशे येन ती बिलात येतेच. यावरून वेटरशी हुज्जत घालणारे आपले लोक मी पाहिलेत. घालू नका. तो चखणा नाही, ते खुर्चीचं भाडं आहे, आणि वर टिप द्यावी लागत नाही. फक्त एका संध्याकाळी तीन अड्डे केलेत तर तीन भाडी होतात. आमची बहुतेक झालीच.

आता मुख्य प्रकरण, साके. जपानी लोक तिला निहोन्शु म्हणतात. टोकियोत शिंबाशी स्टेशनच्या आसपास उभ्या उभ्या प्यायच्या जागा आहेत. ऑफिस सुटलेली माणसं, काखेत बॅगा, जागा इतकी कमी की कोपर शेजाऱ्याच्या ताटात जाईल. तिथे मी पहिल्यांदा मोक्किरी घेतली. बाई आधी एक चौकोनी लाकडी माप ठेवते, त्याला मासु म्हणतात. त्यात काचेचा छोटा पेला उभा करते. मग अठराशे मिलीची भलीमोठी बाटली दोन्ही हातांनी तिरकी करून ओतायला लागते. पेला भरतो, ती थांबत नाही. काठाच्या वर साकेची किंचित फुगलेली टोपी उभी राहते, तरी ती थांबत नाही. मग काठावरून धार सुटते आणि मासुच्या तळाशी बोटभर साठते. तेव्हा कुठे बाटली सरळ होते. पेला उचलायची सोयच नसते. कमरेत वाकायचं, ओठ पेल्याशी न्यायचे आणि पहिला घोट हात न लावता घ्यायचा. पातळी उतरली की पेला उचलायचा, बूड पुसायचं आणि मासुतलं उरलेलं पेल्यात ओतून घ्यायचं. नवरा म्हणाला, "हे म्हणजे वर दोन मिरच्या जास्त टाकणाऱ्या भाजीवालीसारखं झालं." अगदी तेच.

आणि माप बघा. तिथलं जुनं माप एक गो, म्हणजे 180 मिली. बरोब्बर आपली क्वार्टर! फरक एवढाच की आपल्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्के अल्कोहोल आणि साकेत पंधरा-सोळा. त्यामुळे बिल मुकाट वाढत राहतं आणि तुम्ही शुद्धीवर असता.

तांदळाची दारू म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. पण साके गाळलेली दारू नव्हे, ती आंबवलेली. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी चढवतात. ती तांदळातल्या पिठूळपणाची साखर करते, आणि त्याच टाकीत त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं एकाच भांड्यात शेजारी शेजारी. त्यामुळे न गाळताही ती वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते, मग बहुधा पाणी घालून खाली आणतात. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोनं या कोजीच्या कारागिरीला वारशाच्या यादीत घेतलं. किमतीचं गणितही तांदळातच आहे. दाण्याच्या बाहेरच्या थरात चरबी आणि प्रथिनं असतात, त्यांनी चव जड होते, म्हणून दाणा घासून बारीक करतात. गिंजो म्हणवून घ्यायचं तर दाण्याचा साठ टक्के किंवा त्याहून कमी भाग उरला पाहिजे, दाईगिंजोला पन्नास किंवा कमी. म्हणजे दाईगिंजोच्या पेल्यात निम्मा किंवा त्याहून जास्त तांदूळ आधीच कोंडा होऊन गेलेला असतो. आणि खरं सांगू? मला साधी जुन्माईच जास्त आवडली. तांदूळ, कोजी, पाणी, वरून अल्कोहोल घातलेलं नाही. किंचित गरम केली की भाताच्या पेजेचा वास येतो. दाईगिंजोला केळ्या-खरबुजाचा वास येतो, दोन घोट छान वाटतो, तिसऱ्याला अत्तर लावलेल्या पाहुण्याशेजारी बसल्यासारखं होतं.

पैसे सगळ्यात झपाट्यानं गेले ते एचिगो-युझावाला. टोकियोहून शिंकान्सेननं सव्वा तासावर, निइगाताच्या डोंगरात. निइगातात साकेचे नव्वदच्या आसपास कारखाने आहेत, कुठल्याही जपानी प्रांताहून जास्त. स्टेशनातच पोन्शुकान म्हणून जागा आहे. दारात पिऊन आडवे झालेले सूटबूटवाले पुतळे स्वागताला. पाचशे येन दिले की पाच टोकन आणि एक चिमुकली वाटी हातात येते. भिंतभर छोटी यंत्रं, एकेकावर एकेका कारखान्याचं नाव. वाटी खाली धरायची, टोकन टाकायचं, बटण दाबायचं, घोटभर साके पडते. मधे तऱ्हेतऱ्हेच्या मिठाच्या वाट्या, जिभेवर चिमूटभर ठेवून वर साके घ्यायची. काकडी आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, हेही मिळतं. इथली साके हलकी, कोरडी, पाण्यासारखी उतरते. पाच टोकन दहा मिनिटांत संपली. मग काउंटरवरची मुलगी आम्हाला ओळखायलाच लागली. बाहेर पडायच्या वाटेवर बाटल्यांचं दुकान, ते काय उगाच तिथे ठेवलेलं नाही.

क्योतोत लोक देवळं बघतात. आम्हीही बघितली, पण दुपारनंतर फुशिमीला, म्हणजे क्योतोच्याच साके-कारखान्यांच्या भागात. जुन्या काळ्या लाकडी भिंतींचे कारखाने, दारावर जपानी देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला. नवी साके तयार झाली की हिरवा गोळा लावतात, तो जसजसा तपकिरी होत जातो तशी आतली साके मुरत जाते. फुशिमीचं पाणी मऊ, म्हणून साकेही मऊ. कोबेजवळच्या नादाचं पाणी कठीण, त्यात यीस्ट जोरात धावतं आणि साके तिखट, ठसकेबाज होते. यावरून नादाची ती पुरुषी साके आणि फुशिमीची बायकी, असं म्हणायची तिथे पद्धत आहे. मला पुरुषी आवडली, नवऱ्याला बायकी. गोकोनोमिया देवळात त्या पाण्याचा झरा आहे, आजूबाजूची माणसं कॅन भरभरून नेत होती. ते पाणी फुकट असतं, एक्सेलमध्ये कुठेही सापडणार नाही.

दक्षिणेला कागोशिमात साकेचा विषय संपतो आणि शोचूचा सुरू होतो. ही गाळलेली, साधारण पंचवीस टक्क्यांची, आणि तिथे ती रताळ्याची. वास उग्र. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं. मग मालकानं दाखवलं: आधी पेल्यात गरम पाणी, त्यावर शोचू, ढवळायचं नाही, आपोआप मिसळतं. तशी घेतली की रताळ्याचा गोडवा वर येतो. एकानं फ्रीजरमधून थंडगार पहिल्या धारेची काढून दिली, चव्वेचाळीस टक्क्यांची, अंगठ्याएवढ्या पेल्यात. पहिल्या धारेचं कौतुक आपल्यालाच आहे असं मी समजत होते.

पण त्या बाजूला जीव अडकला तो कोकुतो शोचूत. ही उसाच्या काळ्या गुळाची, आणि ती फक्त आमामी बेटांवरच करता येते. युद्धानंतर ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती, 1953 मध्ये जपानला परत मिळाली, तेव्हा तांदळाची कोजी वापरायच्या अटीवर तिथल्या लोकांना ही परवानगी मिळाली. गुळाची असून गोड अजिबात नाही. गोडवा सगळा वासात. आमच्या कोल्हापूरच्या मामांना हुंगायला दिली, तर ते डोळे मिटून म्हणाले, "गुऱ्हाळ." प्यायले मात्र नाहीत, माळकरी आहेत.

व्हिस्कीचं विचाराल, तर तिथे मी हात आखडता घेतला. एकच संध्याकाळ, टोकियोतला एक छोटा बार, पाटीवर कुठेही न लिहिलेलं बसण्याचं भाडं, आणि बाटलीवर मुरण्याची वर्षं छापलेल्या व्हिस्कीचा तीस मिलीचा पेग. बिल बघून नवऱ्यानं फोन काढून गुणाकार परत केला. यामाझाकीचा व्हिस्कीचा कारखाना 1923 मधला, तिथला पहिला कारखानाप्रमुख असलेल्या मासाताका ताकेत्सुरूनं 1934 मध्ये होक्काइदोत योइचीला आपला वेगळा काढला, हा इतिहास मोठा रंजक आहे. पण 1983 नंतर जपानात व्हिस्कीचा खप पंचवीसेक वर्षं घसरत होता, कारखान्यांनी माल कमी भरला. मग एकदम सगळ्या जगाला तीच हवी झाली. बारा वर्षं मुरलेली व्हिस्की बारा वर्षांआधीच भरून ठेवावी लागते, त्यामुळे माल नाही आणि भाव आभाळाला. 2024 च्या एप्रिलमध्ये यामाझाकी 12 ची छापील किंमत कर सोडून दहा हजारांवरून पंधरा हजार येन झाली, आणि दुकानात त्या किमतीला दिसली तर नवसच बोलायला हवा. ती चांगली आहे. पण तेवढ्याच पैशात शिंबाशीच्या बाईकडे आठवडाभर वाकता येतं. शिवाय व्हिस्की मुंबई विमानतळावरच्या दुकानातही भेटते. कोकुतो शोचू भेटणार नाही.

आणि माझ्या एक्सेलमधल्या रकान्याचं खरं समर्थन हेच आहे. साके बाटलीत जाईपर्यंत सहसा दोनदा गरम करतात. एकदाच गरम करून उन्हाळाभर मुरवलेली ती हियाओरोशी, शरदात बाजारात येते, आम्हाला नेमकी ती मिळाली. अजिबात गरम न केलेली ती नामा. ती जिवंत असते, फ्रिजबाहेर राहिली की काही दिवसांत बिघडते. ती प्यायची तर तिच्या गावीच जाऊन प्यायला हवी. ज्या वस्तू पुण्यात पैसे टाकून मिळत नाहीत त्यांच्यावर मी पैसे टाकले. यात उधळपट्टी कुठली? अंगठी लक्ष्मी रोडवर कधीही मिळते. (हे सासूबाईंना मी बोललेले नाही.)

आता सगळ्यांचा पुढचा प्रश्न: आणायचं काय आणि किती? भारतात येताना माणशी दोन लिटर बिनशुल्क. साकेची नेहमीची बाटली 720 मिलीची असते, तशा दोन आणि वर एक पाचशेची, म्हणजे 1,940 मिली झाले. आम्ही गेलो तेव्हा दुकानात पाच हजार येन किंवा त्याहून जास्त खरेदी असली तर पासपोर्ट दाखवून कर वाचायचा, पण पिशवी सीलबंद मिळायची, हॉटेलात फोडायची नाही. बाटल्या मोज्यांत गुंडाळा, हातातल्या बॅगेत ठेवू नका. नामा आणू नका. गुळाची शोचू आणा, ती टिकते. आणि नवरा न पिणारा असेल तर फारच उत्तम, त्याचेही दोन लिटर आपलेच.