रंगावरून नर-मादी ओळखता येणारी पिल्लं: माझा अनुभव

कोंबड्यांच्या संकरासाठी पट्टेरी माद्या घेणार असाल तर नराजवळ कधीच न ठेवलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मागा. मला तशा मिळाल्या नाहीत, आणि त्यापायी जो वेळ गेला त्याचा राग अजून मनात आहे.

मला अंड्यांसाठी माद्याच हव्या होत्या. तुरे फुटेपर्यंत सगळ्या पिल्लांना दाणा घालायचा आणि शेवटी निम्मे नर निघायचे, हे मला नको होतं. म्हणून ऱ्होड आयलंड रेड या लाल जातीचा नर आणि बार्ड प्लायमाउथ रॉक या पट्टेरी जातीच्या माद्या अशी जोडी ठरवली. कोंबड्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचा जनुक झेडवर असतो आणि तो प्रभावी आहे, म्हणजे एकाच झेडवर असला तरी दिसतो. पट्टेरी आईचं एकुलतं झेड तिच्या मुलग्यांकडेच जातं, मुलींना झेड मिळतं ते बापाचं, बिनपट्ट्याचं. पिल्लं सगळी काळी, पण पट्ट्यांच्या जनुकामुळे नराच्या डोक्यावर पांढरट ठिपका आणि मादीचं डोकं साफ काळं. जोडी उलटी लावली, म्हणजे नर पट्टेरी आणि माद्या लाल, तर ठिपका सगळ्यांनाच येतो आणि ओळखण्याचा मार्गच राहत नाही.

अडलं ते माद्यांपाशी. जिथून घेतल्या तिथे त्या त्यांच्याच पट्टेरी नराबरोबर एका खुराड्यात होत्या. वेगळ्या ठेवलेल्या तलंगा द्या म्हटलं तर उत्तर आलं, ‘नवा नर सोडा, चार दिवसांत त्याचीच पिल्लं सुरू होतील.’ हे इतक्या सहज सांगितलं जातं की नवखा माणूस विश्वास ठेवणारच. कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात. एकदा नर लागला की दोन आठवडे, कधी तीन आठवडे आणि क्वचित त्याहूनही जास्त काळ फळलेली अंडी येत राहतात. नव्या नराचं पारडं जड असतं हे खरं, पण जुना पूर्ण हटला याची हमी कोण देणार?

आणि इथे फसगत अशी की ती दिसत नाही. जुन्या पट्टेरी नराच्या मुलीच्या डोक्यावरही ठिपका असतो. म्हणजे मी तिला नर समजून बाजूला काढलं असतं आणि चूक उमगली असती ती थेट अंडी द्यायच्या वयात. म्हणून मी लाल नराला पलीकडच्या जाळीत ठेवलं आणि थांबले. रोज अंडी येत होती, एकही उबवायला ठेवता येत नव्हतं. घरातले विचारायचे, अजून किती? फक्त कॅलेंडर बघत बसायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून रोज सकाळी प्रत्येक मादीचं अंडं बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघायला लागले. फळलेल्या अंड्यात तो नीट गोल असतो, मध्ये फिकट आणि भोवती कडं. न फळलेल्यात लहान, घट्ट पांढरा, कडेला वेडावाकडा. सुरुवातीला सगळीकडे कडं दिसायचं. मग एकेका मादीचं जायला लागलं. एक मादी मात्र शेवटपर्यंत अडून होती. बाकीच्यांचं कडं कधीच गेलेलं आणि हिच्या बशीत रोज ते हजर. तिच्यासाठी सगळ्यांना थांबवलं, आणि थांबवलं ते बरंच केलं. तिचंही लागोपाठ बरेच दिवस दिसलं नाही तेव्हाच लाल नर आत सोडला.

उबवणीत काही अडलं नाही. साडेसदतीस अंश, 21 दिवस, अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा, बस. पिल्लं ओली असताना डोकी बघू नका, लव चिकटलेली असते. वाळून फुगली की उजेडात धरा. काहींचा ठिपका ठसठशीत, काहींची नुसती चार-पाच पांढरी लव. शंका आली तर पाय बघा, माद्यांचे जास्त काळपट असतात. ते पहिलं साफ काळं डोकं हातात आलं तेव्हा सगळ्या थांबण्याचं सार्थक झालं असं वाटलं. त्याच दिवशी पायात रंगीत कडी घाला.

नराबद्दल सांगायचं राहिलं: पांढरा लेगहॉर्न नर या कामाला घेऊ नका. त्याचा पांढरा रंग प्रभावी असतो, खालचे रंग झाकून टाकतो, आणि त्या पांढऱ्याखाली बहुतेकदा पट्टेही दडलेले असतात.

या संकराची पिल्लं आपसात लावून पुढची पिढी काढली तर नर-मादी दोन्हींत पट्टेरी आणि बिनपट्टेरी निघतात, ठिपक्याला अर्थ उरत नाही. मूळचा लाल नर आणि पट्टेरी माद्या जपून ठेवा. त्यांच्यात एखादा परका नर एक दिवस जरी शिरला तरी अंडी उबवायची थांबवा आणि पुन्हा बशीत फोडून बघायला लागा.