राग काढा, पण चेहरा नको

आमच्या चित्रकलेच्या सरांनी नववीत एकदा फळ्यावर 'राग' एवढंच लिहिलं आणि अट घातली, माणूस नको, चेहरा नको, आग नको, फक्त काळा क्रेयॉन. सगळ्या वर्गाने कागदभर टोकदार वेड्यावाकड्या रेघा ओढल्या, मीपण. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र कागद जवळपास कोरा ठेवला आणि खालच्या कोपऱ्यात एकच डाग घोटत बसली, इतका दाबून की क्रेयॉन चकाकायला लागला आणि कागद फाटला. सरांनी तो उलटा करून फाटलेली बाजू सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, हा गिळलेला राग, तुमचा आरडाओरड्याचा.

अमूर्त चित्रात, म्हणजे ज्यात ओळखीचं माणूस-वस्तू काही नसतं अशा चित्रात, भावना येते कुठून, हे मला तिथे कळायला लागलं. हाताचा दाब, रेघेचा वेग, किती जागा रिकामी सोडली, सगळं त्यात येतं. लाल म्हणजे राग आणि निळा म्हणजे शांतता असा जो तक्ता लोक पाठ करतात तो मला कधीच पटला नाही. रशियन चित्रकार कॅन्डिन्स्कीने १९११ च्या सुमारास रंगांबद्दल भरपूर लिहिलं, पिवळा तुतारीसारखा, फिका निळा बासरीसारखा, गडद निळा चेलोसारखा वगैरे, पण रंग आकारासोबत बदलतो हेही त्यानेच सांगितलं, पिवळ्याचा तिखटपणा टोकदार आकारात वाढतो आणि गडद निळा गोलात जास्त शोभतो.

अमेरिकन चित्रकार रॉथकोच्या चित्रात नुसते रंगांचे मोठे चौकोन असतात, बघायचं ते त्यांच्या कडांकडे. रंग पातळ करून थरावर थर चढवलेले, त्यामुळे कड कुठे संपते ते नीट ठरवता येत नाही, डोळा तिथे अडखळत राहतो आणि ती अस्वस्थता आपल्याला चित्राची वाटते, खरं तर ती आपल्या बघण्यात तयार होते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या चॅपेलमधली (म्हणजे प्रार्थनागृहातली) त्याची १४ चित्रं तर काळ्या-जांभळ्या छटांची, तिथे पहिल्या नजरेत काही सापडत नाही, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबावंच लागतं.

आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं काम आणखी वेगळं. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची बोथट सुरी), रंग लावायचा, खरवडायचा, कागद दाबून उचलायचा, परत लावायचा. म्हणून त्या पृष्ठभागावर प्रकाश आतून आल्यासारखा वाटतो, आणि घाई कुठेच दिसत नाही. ती शांतता रंगाने आलीय असं मला वाटत नाही, एवढा वेळ थांबणाऱ्या हाताने आलीय (सर असते तर इथे नक्की वाद घातला असता, त्यांचा रंगावर फार जीव).

आता बॅचच्या ग्रुपवर कुणी असं चित्र टाकलं की खाली लगेच 'काय कळलं?' सुरू होतं. पण मोठं कॅनव्हास हाताएवढ्या स्क्रीनवर आलं की थर गेले, कडा गेल्या, अंगावर येणारा आकार गेला, मग उरतं काय. रॉथको तर मोठी चित्रं मुद्दाम काढायचा, बघणारा चित्राच्या आत असावा म्हणून. त्यामुळे मी ग्रुपवर वाद घालत नाही, मूळ चित्र लागलंय असं कळलं की तारीख टाकतो, ज्याला यायचंय तो येतो.