तुम्ही विचारलंत म्हणून: मांजराला आपल्याबद्दल खरंच काही वाटतं का?

घरात मांजरं आहेत म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. "तुमचा लळा वगैरे लागतो का त्यांना, की आपलं खाण्यापुरतं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा कुत्रा असतो. तो दारातच अंगावर झेप घेतो, चाटून चाटून हैराण करतो. मांजर असलं काही करत नाही, म्हणून ते मतलबी ठरतं.

माझं उत्तर ठाम आहे: लळा लागतो, आणि मांजरं तो रोज दाखवतातही. पण नुसतं तोंडाकडे बघून कळणारी ही माया नव्हे. शेपटी, कान, डोळे आणि मांजर बसतं कुठे, हे बघावं लागतं.

मी घरी आले की आमची चिंगी शेपटी उभी करून येते, टोकाला जरासा बाक. पिल्लं आईकडे अशीच जातात, आणि ओळखीची मोठी मांजरंही सलोख्यानं भेटायचं असलं की शेपटी उभी करतात. (शेपटी फुललेली आणि पाठीची कमान झालेली असेल तर ती भीती, तेव्हा लांबच राहावं.) मग चिंगी माझ्या पायाला आधी गाल घासते, मग अख्खी कूस, आणि मी खाली वाकले की कपाळानं ढुशी देते. गालांत, हनुवटीत, कपाळाच्या कडांना मांजराच्या गंधग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून सगळ्यांचा वास एक करतात. त्या वासात ती मलाही ओढून घेते. भुकेच्या वेळी ती हे जास्त करते, मान्य. पण भरल्या ताटलीकडे पाठ करूनही करते.

डोळ्यांचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. मांजरांमध्ये टक लावून बघणं म्हणजे दटावणी. त्यामुळे आपल्याकडे बघत मांजरानं पापण्या सावकाश मिटल्या, अर्धवट उघडल्या, पुन्हा मिटल्या, तर ते आपल्यासमोर निर्धास्त आहे. ब्रिटनमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 साली हे तपासून पाहिलं. माणसानं डोळे सावकाश मिटले तर मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही ती जास्त जातात, असं त्यांना आढळलं. आज करून बघा. मांजर निवांत असताना थोडं दूर बसा, नजर रोखू नका, डोळे बारीक करा आणि हळूच मिटा. उत्तर आलं नाही तरी मागे लागू नका.

पोटाबद्दल मात्र फार गैरसमज आहे. मांजर समोर लोळून पोट दाखवतं, माणूस लाडानं हात घालतो आणि नखं बसतात. लगेच "बघा, किती बेभरवशाचं जनावर!" पोट हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. तो उघडा टाकून ते पडलंय, यातच त्याचा विश्वास आला. हात लावा असं त्यानं कुठे म्हटलं? हात फिरवायचाच तर गालांवर, हनुवटीखाली, कानांच्या बुडाशी. शेपटी आपटायला लागली, पाठीचं कातडं थरथरलं, कान आडवे झाले की थांबायचं. जे वेळेवर थांबतात त्यांच्याकडे मांजर पुन्हा येतं.

मांडीवर पंजे मळणं ही पिल्लू असतानाची सवय. आईच्या पोटावर असे पंजे दाबले की दूध उतरतं. नुसत्या घुरघुरीवर मात्र विसंबू नका. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखत असतानाही घुरघुरतं, म्हणून अंग सैल आहे की आवळलेलं ते बघायचं.

आता "खाण्यापुरतं" या शब्दाबद्दल. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठात 2019 साली पिल्लांना त्यांच्या माणसासोबत अनोळखी खोलीत ठेवलं, मग माणूस बाहेर गेला आणि थोड्या वेळानं परत आला. सुमारे 64 टक्के पिल्लं तो आल्यावर शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. माणसांच्या तान्ह्या मुलांमध्येही साधारण असंच प्रमाण दिसतं. ज्याच्या नुसत्या असण्यानं जिवाला धीर येतो, त्याच्याशी नातं खाण्यापलीकडचं आहे, असं मी मानते.

आणि आमचा बोका? तो मांडीवर येत नाही, ढुशीही क्वचित देतो. पण मी ज्या खोलीत काम करते तिथेच तो येऊन पसरतो, बऱ्याचदा माझ्याकडे पाठ करून. पाठीमागून धोका नाही याची खात्री असल्याशिवाय मांजर असं पडत नाही. तुमचंही असंच असेल तर त्याला ओढून मांडीवर घेऊ नका. त्याच्या जागी त्याला राहू द्या. आणि रोज तुमच्या आसपास असणारं मांजर अचानक पलंगाखाली जाऊन बसलं, अंग घासायचं थांबलं, तर रुसलंय म्हणून सोडून देऊ नका. मांजरं दुखणं लपवतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.