बाटलीत शिरण्यापूर्वीचे पाणी

बाटलीबंद पाण्याचा विषय निघाला की चर्चा प्लास्टिकपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. 26 जुलै 2005 चा प्रलय पाहिलेल्या मुंबईकराला प्लास्टिकने तुंबलेले नाले म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. 2018 मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा पाण्याच्या बाटल्यांवर सरसकट बंदी न घालता अनामत रक्कम घेऊन त्या परत घ्याव्यात, अशी तरतूद केली होती. मात्र रिकामी बाटली घेऊन पैसे परत देणारा दुकानदार मला तरी आजवर भेटलेला नाही. ही व्यवस्था प्रत्यक्षात चालवतात ते कचरावेचक आणि भंगारवाले. लिटरच्या बाटलीला भंगारात भाव असतो म्हणून ती उचलली जाते, परंतु लग्नसमारंभात आणि सोसायटीच्या सभेत वाटली जाणारी, दोन घोट पिऊन टेबलावर सोडलेली 200 मिलीलिटरची बाटली वजनाला इतकी हलकी की ती गोळा करण्याचे श्रम क्वचितच वसूल होतात. माझ्या मते आधी बंद व्हायला हवी ती हीच.

तरीही प्लास्टिक हा अर्धाच विषय आहे. बाटलीतले पाणी कुठल्या तरी जमिनीतून वा नळातून आलेले असते, आणि ते आरओच्या पडद्यातून गाळताना क्षारयुक्त पाण्याचा एक हिस्सा टाकून द्यावा लागतो. बाटल्या विसळायला आणि यंत्रे धुवायला लागते ते वेगळेच. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2003 मध्ये दिल्ली आणि मुंबईच्या बाजारातील बाटल्या तपासल्या, तेव्हा बहुतेकांमध्ये कीटकनाशकांचे अंश आढळले, आणि संस्थेने त्याचा माग कारखान्यांच्या भूजलापर्यंत काढला. शेतात फवारलेले औषध विहिरीत उतरते आणि तेच पाणी उपसून सीलबंद होते. पुढे मानके कडक झाली हे खरे; मात्र उपशाचा प्रश्न मानकांनी सुटत नाही. केरळमधील प्लाचिमाडा येथे शीतपेयाचा कारखाना 2000 मध्ये सुरू झाला आणि आसपासच्या विहिरी आटल्याच्या व बिघडल्याच्या तक्रारींनंतर 2004 मध्ये बंद पडला, हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे घरगुती नळाचे पाणी हजार लिटरला दहा रुपयांहूनही कमी दराने मिळते, आणि बाटलीतल्या एका लिटरला आपण वीसेक रुपये मोजतो. नळाचे हे पाणी तुळशी आणि विहार वगळता शहराबाहेरून, म्हणजे तानसा, वैतरणा आणि भातसा खोऱ्यांतून येते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तिथल्या अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यांच्या उशाशी साठवलेले पाणी भांडुपला शुद्ध होऊन आपल्या इमारतीत पोहोचते, आणि मग टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसल्यामुळे आपण त्यावर विश्वास न ठेवता बाटली विकत आणतो! टाकीची सफाई वर्षातून दोनदा करायची ठरवली, तर तिचा खर्च बाटल्या आणि जारांवर जाणाऱ्या पैशांपेक्षा खचितच कमी होईल.

उद्योगांच्या बाबतीत मात्र टाकी धुऊन भागणार नाही. कारखान्याच्या शीतकरण मनोऱ्याला, म्हणजे तापलेले पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरला, पिण्यायोग्य पाणी लागत नाही. त्याला लागते ते ठरावीक गुणवत्तेचे पाणी, आणि ते सांडपाण्यातून मिळू शकते. चेंबूरचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना शहराचे मैलापाणी शुद्ध करून अनेक वर्षे वापरत आला आहे. नवी मुंबई महापालिकेनेही कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रक्रिया केलेले पाणी औद्योगिक पट्ट्याला देण्याची व्यवस्था उभारली आहे. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभी राहत असून त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर असेल. त्या पाण्यातील किती भाग कारखान्यांकडे, बांधकामांकडे आणि उद्यानांकडे जाईल आणि किती शुद्ध होऊनही समुद्रात सोडला जाईल, हे नळवाहिन्यांच्या नियोजनावर ठरेल, आणि हे नियोजन केंद्रांच्या बांधकामाबरोबरच व्हायला हवे. नंतर पुन्हा रस्ते खोदण्याची हौस कुणालाच नाही.