आजोबा, फ्रेशमन आणि बेंचवरचा तिसरा

मार्च २०२४ मधला कामावरचा एक दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय, जरा लांबेल.

मी तेव्हा अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमबरोबर व्हिडिओचं काम करत होतो. स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायला आलो, ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळाली, फीचा प्रश्न त्यात सुटला. काम म्हणजे समोरच्या टीमच्या मॅचेस बघायच्या, त्यांचा प्रत्येक प्ले, म्हणजे ठरवलेली चाल, वेगळा काढून छोट्या क्लिप्स करायच्या आणि कोच म्हणेल तेव्हा म्हणेल ती क्लिप स्क्रीनवर आणायची. ग्लॅमर काही नाही, पण कोच कोणाला खेळवतो, कोणाला बसवतो आणि का, हे इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्या खुर्चीतून दिसत नसेल.

आमच्यासारख्या छोट्या कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजेसच्या गटातून, एनसीएए टूर्नामेंट या राष्ट्रीय स्पर्धेच्या तेव्हाच्या ६८ टीममध्ये बहुतेक वेळा एकच टीम जाते, जी मार्चमधली कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकेल ती. म्हणजे नोव्हेंबरपासून तुम्ही कसंही खेळलेलं असा, मार्चमध्ये एक मॅच हरलात की बॅगा भरायच्या. तो दिवस आमच्या क्वार्टर फायनलचा होता.

टीममध्ये एक पाचव्या वर्षाचा गार्ड, म्हणजे बॉल हाताळणारा खेळाडू, होता. कोविडमुळे २०२०-२१ चा सीझन खेळाडूंना खेळायला मिळणाऱ्या चार वर्षांत धरला नव्हता, त्यामुळे त्या बॅचच्या पोरांना एक वर्ष जास्तीचं मिळालं, त्यातलाच हा. वय २३, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, टीममधली पोरं त्याला ग्रँडपा म्हणायची, मी इथे आजोबाच म्हणतो. आणि एक फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा, वय १८, त्याची पहिली स्टेप अशी की डिफेंडरला वळायलाही वेळ मिळायचा नाही. हायस्कूलमध्ये उशिरा उंची वाढली म्हणून मोठ्या कॉलेजेसचं लक्ष गेलं नाही आणि आम्हाला मिळाला, नाहीतर आमच्याकडे येणाऱ्यातला नव्हताच तो. जानेवारीपासून कोचने त्याला स्टार्टर म्हणून पहिल्या पाचात उतरवायला सुरुवात केली आणि आजोबा बेंचवरून यायला लागला.

आमच्या पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये टीवायचा कॅप्टन म्हणजे पहिल्या पाचात, यावर चर्चाच नसायची, एफवायचा पोरगा कितीही चांगला असला तरी पाण्याच्या बाटल्या आणि वॉर्मअप. त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं आता भांडणं होणार. झाली नाहीत, कारण कोचने जानेवारीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की सुरुवात कोण करतो यापेक्षा शेवटची चार मिनिटं कोण खेळतो ते बघा, आणि ते मी रोजच्या प्रॅक्टिसवरून ठरवणार. २०१५ ला राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या टीमचं उदाहरण त्याच्या तोंडी नेहमी असायचं. त्या टीमचे जाहलील ओकाफोर, जस्टिस विन्स्लो, टायस जोन्स हे फ्रेशमन सगळ्यांना आठवतात, पण क्विन कुक हा त्या टीममधला एकटा सीनियर, म्हणजे चौथ्या वर्षाचा, आणि कॅप्टन, तो स्वतः पॉइंट गार्ड असताना त्याने बॉल टायस जोन्सच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला शूटर म्हणून खेळला. फायनलमध्ये विस्कॉन्सिनला ६८-६३ हरवलं त्यात जोन्सचे २३ पॉइंट्स होते. कोच म्हणायचा, फ्रेशमन मिळवणं हे रिक्रूटिंग, पण कुक मिळणं हे नशीब.

तर त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या बॉलरूममध्ये वॉकथ्रू होता. टूर्नामेंटमध्ये मेन कोर्टवर प्रॅक्टिसला फार वेळ मिळत नाही, म्हणून मॅनेजर पोरं कार्पेटवर निळी टेप चिकटवून अर्धं कोर्ट आखतात, वर झुंबरं आणि खाली स्लिपर घालून सहा फूट आठ इंचाची पोरं हळूहळू चालत डिफेन्सची रिहर्सल करतायत असं ते दृश्य. स्काउट टीम, म्हणजे आमचीच राखीव पोरं, समोरच्या टीमचे प्लेज चालवत होती. नेहमी कोच प्लेचं नाव आधी ओरडून सांगतो, त्या दिवशी त्याने सांगितलंच नाही, म्हणाला ओळखा तुम्ही.

आजोबा पहिला पास व्हायच्या आत ओळखत होता. बॉल अजून टेपच्या बाहेर, आणि हा "स्क्रीन डावीकडे, डावीकडे!" म्हणून ओरडतोय आणि खरोखर स्क्रीन डावीकडूनच यायचा. फ्रेशमनला दुसऱ्या पासनंतर कळत होतं. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बॉल स्क्रीन म्हणजे त्यांचा उंच माणूस येऊन आपल्या गार्डच्या वाटेत उभा राहतो आणि बॉलवाला त्याच्या आडोशाने सुटतो, अशा वेळी डिफेन्सच्या दोन-तीन माणसांनी सेकंदाच्या आत एकच निर्णय घ्यायचा असतो. आवाज आधी आला तर निर्णय होतो, उशिरा आला तर लेअप, म्हणजे समोरच्याला बास्केटजवळून सोपे पॉइंट्स. आमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा होता आणि स्वभावानेच मुका, त्यामुळे टीमचा आवाज म्हणजे आजोबा. स्टॅट शीटमध्ये याचा कॉलम नसतो. फ्रेशमनचे पॉइंट्स, असिस्ट, स्टील सगळं दिसतं, आजोबाने वाचवलेले लेअप कुठेच दिसत नाहीत, ते बघायला क्लिप परत परत लावावी लागते.

दुपारी मॅच सुरू झाली. पहिल्या हाफमध्येच बारा मिनिटांचा खेळ बाकी असताना आजोबाला दुसरा फाउल लागला. कॉलेजमध्ये पाच फाउलला बाहेर, म्हणून पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बहुतेक कोच त्या खेळाडूला हाफटाइमपर्यंत बसवतात, आमच्या कोचनेही बसवलं. मला वाटलं आता समोरच्या टीमचा गार्ड आपल्याला फाडणार, तो पण २४ वर्षांचा, दोन कॉलेजेस फिरून आलेला. पण तसं झालं नाही. आणि का झालं नाही ते मला हाफटाइमला क्लिप्स काढताना कळलं.

कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिल्या हाफमध्ये तुमचा अटॅक तुमच्या बेंचपासून लांबच्या बास्केटवर असतो, म्हणजे डिफेन्स बेंचच्या समोर. आजोबा बेंचवर बसून होता कुठे, तो टॉवेल गळ्यात टाकून एका गुडघ्यावर ओणवा होऊन प्रत्येक स्क्रीन ओरडत होता, आणि फ्रेशमन त्याच्या आवाजावर हलत होता. क्लिपमध्ये स्पष्ट दिसतं, बेंचकडून आवाज आल्यावर त्याचा खांदा वळतो, स्क्रीन नंतर येतो. आम्ही थोडेच मागे होतो.

लॉकर रूममध्ये कोचला मी तीच क्लिप दाखवली. त्याने ती सगळ्यांसमोर लावली, फ्रेशमनला विचारलं, तुला स्क्रीन कसा कळला? तो म्हणाला, याने सांगितलं. कोच म्हणाला, बरोबर, आता दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलतात, आपण वाचवायचं ते बास्केट पलीकडे आहे, ऐंशी फुटांवर, तिकडे कोणाचा आवाज येणार नाही. मग काय करशील?

पोरगा गप्प. मग त्याने कोचकडे न बघता सरळ आजोबाला विचारलं, तू नक्की काय बघतोस? आणि आजोबाने बूट काढून खुर्चीवर पाय पसरले होते ते खाली घेतले, बोर्डवर मार्कर घेतला आणि म्हणाला, बॉलकडे बघू नकोस, त्यांचा चार नंबरवाला बघ, तो कोपऱ्यातून वर यायला लागला की स्क्रीन त्याच बाजूने येतो, तो कोपऱ्यातच थांबला तर दुसऱ्या बाजूने. एवढंच. पाच वर्षं बघून बघून जमलेली गोष्ट त्याने दोन वाक्यांत देऊन टाकली, आणि ज्याला दिली तो त्याच्याच जागेवर खेळत होता. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसलो होतो, मला खरंच भरून आलं.

दुसऱ्या हाफला कोचने दोघांना एकत्र उतरवलं. बॉल फ्रेशमनकडे, आजोबा विंगवर. ऐकायला हे किती सोपं वाटतं, अनुभवी आणि नवा दोघेही खेळवा, प्रश्न मिटला. पण कोर्टवर पाचच माणसं असतात. दोघं आत गेले म्हणजे कोणीतरी बाहेर आलं, आणि तो होता आमचा ज्युनियर, तिसऱ्या वर्षाचा.

या पोराबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. पहिली दोन वर्षं तो बेंचवर बसला, त्याच्या पुढे सीनियर होते म्हणून. त्याला सांगितलं होतं थांब, तुझी वेळ येईल. तिसऱ्या वर्षी वेळ आली, स्टार्ट करायला लागला, कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंट्सचा शॉट, मारायचा, समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला स्कोअरर त्याच्याकडे असायचा, प्रॅक्टिसला कधी उशीर नाही. तो आजोबाइतका जुना नाही आणि फ्रेशमनइतका टॅलेंटेड नाही. टीव्हीवर बोलताना सगळे अनुभव की टॅलेंट असं दोन टोकांचं बोलतात, पण माझ्या बघण्यात या हिशोबाची किंमत मधला माणूस भरतो. त्याचा काही दोष नसतो, तो फक्त दोघांच्या मध्ये सापडतो.

त्या हाफमध्ये तो फक्त काही मिनिटं खेळला, आजोबाला चौथा फाउल लागला तेव्हा. प्रत्येक टाइमआउटला तो सगळ्यात आधी उठून आत येणाऱ्यांना टाळी द्यायला जायचा. मी मागच्या रांगेत होतो, तो परत बसला की त्याचा चेहरा मला बाजूने दिसायचा. त्यात राग नव्हता, काय होतं ते मला नीट सांगताही येणार नाही.

शेवटची चार मिनिटं. दोघेही आत. आता फ्रेशमन पलीकडच्या टोकाला डिफेन्समध्ये, मॅच बरोबरीत, आणि त्यांचा चार नंबरवाला कोपऱ्यातून एक पाऊल वर आला. आणि आमचा पोरगा ओरडला. लांबून शब्द कळले नाहीत पण हात उजवीकडे गेलेला मी बघितला, आमचा मुका सेंटर त्या हातावर हलला, त्यांच्या गार्डला वाट मिळाली नाही, त्याने घाईत शॉट मारला, रिबाउंड आमचा. कोच अशा वेळी कधी काही दाखवत नाही, त्या वेळी त्याने असिस्टंटच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की बिचाऱ्याचा कार्डांचा गठ्ठा खाली पडला. मॅच आम्ही तीन पॉइंट्सनी जिंकली. दुसऱ्या दिवशी सेमी फायनल हरलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही, ती टीम आमच्यापेक्षा चांगली होती.

पण खरा हिशोब पुढे झाला. १८ मार्चला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायला तयार असलेल्या खेळाडूंची यादी, उघडलं. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बसावं लागायचं, २०२१ पासून पहिल्या बदलासाठी ते राहिलं नाही, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. परिणाम असा की छोट्या कॉलेजने पोरगा शोधायचा, घडवायचा, त्याला अनुभव द्यायचा आणि एका वर्षात मोठ्या कॉलेजने त्याला घेऊन जायचं. आमचा फ्रेशमन गेला. त्याला मी अजिबात दोष देत नाही, घरची परिस्थिती बेताची होती, समोर आलेले पैसे नाकारणं कोणालाच जमलं नसतं. आजोबाची वर्षं संपली. आणि ज्युनियर पण पोर्टलमध्ये गेला. कोचने त्याला थांबवायचा मनापासून प्रयत्न केला, पुढच्या वर्षी टीम तुझीच असेल म्हणाला. पण हे वाक्य त्याने याआधी ऐकलेलं होतं. म्हणजे ज्या तिघांवर त्या दिवशी कोचचं डोकं अडकलं होतं त्यातलं कोणीच उरलं नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये सगळ्यांनी मिळून एनसीएए टूर्नामेंटमधली ओकलंड विरुद्ध केंटकी ही मॅच बघितली, छोटं कॉलेज विरुद्ध मोठं, २१ मार्चला. केंटकीकडे रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम असे फ्रेशमन, जूनमध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे, तिसरे आणि आठवे गेले इतके टॅलेंटेड. आणि ओकलंडकडे जॅक गोल्की, एक पातळी खालच्या डिव्हिजन टू मधल्या हिल्सडेलहून आलेला, वयाने मोठा, त्याने दहा थ्री मारले, ३२ पॉइंट्स, ओकलंड ८०-७६ जिंकलं. आमच्या कोचने टीव्ही बंद केला आणि मला म्हणाला, डिव्हिजन टू मधले गार्ड काढ, वय जास्त असलेले.

मी आठवडाभर तेवढंच केलं. शूटिंग दिसतं, पाय किती हलतात ते दिसतं, पण क्लिप्समध्ये कॉमेंटरीचा आवाज असतो, पोरांचा नसतो, त्यामुळे कोण बोलतो ते कळायला मार्ग नाही. शेवटी असिस्टंट कोचने यादीतल्या प्रत्येकाच्या कोचला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि शूटिंगबद्दल एक अक्षर न विचारता सरळ विचारलं, डिफेन्समध्ये तोंड उघडतो का? बहुतेकांनी हो, तसा ठीक आहे असं काहीतरी उत्तर दिलं. एकजण हसला आणि म्हणाला, प्रॅक्टिसमध्ये त्याला गप्प करायला मला शिट्टी वाजवावी लागते. त्याची फाइल मी कोचच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवली.