पट्टा-पुलीचे संगणकीय प्रारूप : पट्टा न घसरताही कमी होणारे फेरे

पट्टा-पुलीच्या माझ्या प्रारूपात मागच्या टप्प्यापर्यंत पट्टा मुळीच न ताणला जाणारा धरला होता. या टप्प्यात त्याला लवचिकता दिली आहे, आणि प्रारूपाला खरा अर्थ इथूनच येतो असे माझे ठाम मत झाले आहे.

उदाहरण म्हणून पिठाच्या गिरणीत असतो तसा सपाट पट्टा घेतला आहे. मोटर ३ हॉर्सपॉवरची, म्हणजे सुमारे २.२ किलोवॅटची, मिनिटाला १४४० फेरे घेणारी. तिच्यावरची पुली १०० मिलिमीटर व्यासाची, चालवायच्या शाफ्टवरची ४०० मिलिमीटरची आणि दोन्ही शाफ्टच्या मध्यांतले अंतर ६०० मिलिमीटर. यावरून पट्ट्याची लांबी सुमारे २.०२ मीटर आणि वेग सेकंदाला ७.५४ मीटर येतो. एवढ्या वेगाने पूर्ण शक्ती पोहोचवायची, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूपेक्षा २९२ न्यूटनने जास्त असावा लागतो. लहान पुलीला पट्ट्याचा वेढा १५१ अंशांचा बसतो, आणि घर्षणांक ०.३ धरल्यास घर्षण आणि वेढा यांवरून दोन्ही बाजूंच्या ताणांचे कमाल गुणोत्तर देणाऱ्या ऑयलर-आयटेलवाइन सूत्रानुसार घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या २.२ पटींपलीकडे जाऊ शकत नाही. दोन्ही अटी एकत्र सोडवल्या की घट्ट बाजूला ५३४ आणि सैल बाजूला २४२ न्यूटन मिळतात, म्हणजे पट्टा बसवतानाच त्यात किमान ३८८ न्यूटन ताण हवा. केंद्रोत्सारी परिणाम, म्हणजे फिरताना पट्ट्याची पुलीपासून बाहेर फेकले जाण्याची ओढ, यात धरलेला नाही, मीटरला ०.३७५ किलो वजनाच्या पट्ट्यात या वेगाला तो २१ न्यूटनच भरतो, मात्र तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे मोटर २८८० फेऱ्यांची घेतल्यास ८५ न्यूटनांवर जातो आणि मग त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

पुलींच्या व्यासांवरून मोठ्या पुलीचे फेरे मिनिटाला ३६० यायला हवेत. लवचिक पट्ट्याच्या प्रारूपात ते पूर्ण भाराला ३५७ च्या आसपास स्थिरावतात, आणि तेही पट्टा घसरलेला नसताना. अभियंते ऑझ्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये याचे जे कारण मांडले, ते प्रारूपातल्या पट्ट्याच्या प्रत्येक तुकड्याचा वेग आलेखावर पाहताना अगदी स्पष्ट दिसते. मोटरच्या पुलीवर पट्टा घट्ट बाजूने चढतो. चढताना तो ताणलेला असतो आणि पुलीच्या काठाच्या वेगानेच चालतो. पण उतरण्यापूर्वी त्याचा ताण कमी होत जातो, तो आखडतो आणि पुलीच्या थोडा मागे पडतो. मोठ्या पुलीवर तो याच कमी वेगाने चढतो, ती पुलीही तोच वेग घेते, आणि उतरण्याच्या बाजूला पट्टा पुन्हा लांबत तिच्या पुढे सरकतो. ७५ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड आणि १०० मेगापास्कल लवचिकता गुणांकाच्या पट्ट्यात घट्ट बाजू १.४२ टक्के ताणली जाते आणि सैल बाजू ०.६५ टक्के. या दोहोंतला फरक, म्हणजे सुमारे ०.७८ टक्के, हाच वेगातला तोटा.

हा आकडा आकडेमोडीतून आपोआप यावा, बाहेरून घालावा लागू नये, हा माझा आग्रह होता. त्यासाठी पट्ट्याचे २०० तुकडे करून त्यांना स्प्रिंगांनी जोडले आहे. एक तुकडा सुमारे १० मिलिमीटरचा आणि पट्ट्यातून ताणाची लहर सेकंदाला सुमारे ३१६ मीटरने जाणारी, त्यामुळे लहरीला एक तुकडा ओलांडायला सुमारे ३२ मायक्रोसेकंद लागतात. काळाची पायरी याहून मोठी घेतली की साध्या पद्धतीची आकडेमोड विस्कटते. मी ती १० मायक्रोसेकंद ठेवली आहे. त्याहून नाजूक प्रश्न घर्षणाचा आहे. घर्षणाची दिशा एकदम उलटू नये म्हणून सापेक्ष वेग शून्याजवळ असताना घर्षणबल हळूहळू वाढवण्याची सोय सगळेच करतात, परंतु इथे पट्टा मुळात सेकंदाला ५९ मिलिमीटर एवढ्याच वेगाने सरकतो. घर्षणबल ज्या सापेक्ष वेगाला पूर्ण होते ती सोयीसाठी धरलेली मर्यादा सेकंदाला १०० मिलिमीटर ठेवली, तर पट्टा संपूर्ण वेढ्यावर थोडाथोडा सरकत राहतो आणि चिकटून चालणारा भाग दिसेनासा होतो. ती १ मिलिमीटरवर आणली की चित्र निवळते.

आणि ते चित्र पाहण्यासारखे आहे. भार निम्मा असताना लहान पुलीवरच्या १५१ अंशांपैकी फक्त उतरत्या टोकाचे सुमारे ७३ अंश सरकतात, म्हणजे तिथे पट्टा लांबण्या-आखडण्यापुरताच हलतो, आणि उरलेले ७८ अंश पुलीला घट्ट धरून असतात. भार वाढवत नेला की सरकणारा पट्टा-भाग चढत्या टोकाकडे पसरत जातो, पूर्ण भाराला १५१ अंश व्यापतो आणि त्यापुढे खरे घसरणे सुरू होते. त्या क्षणीही मोठ्या पुलीवर, जिथे वेढा २०९ अंशांचा आहे, ५८ अंश धरलेलेच असतात. पट्टा नेहमी लहान पुलीवर घसरतो तो यामुळेच.

पट्टा आणखी ताणल्याने किंवा त्याला राळ लावल्याने घसरण्याची मर्यादा पुढे जाते, पण तेवढाच भार असेल तर हे तीनएक फेरे परत मिळत नाहीत, कारण पट्ट्याचे लांबणे-आखडणे तसेच राहते. शिवाय ताण वाढवला की बेअरिंगवर येणारा सातशे-आठशे न्यूटनांचा ओढा तेवढा वाढतो. फेरे वाचवायचे तर कमी ताणला जाणारा पट्टा हवा. आतून दोऱ्याचे पदर आणि वरून मऊ रबर असलेल्या पट्ट्याला मात्र हे प्रारूप पुरे पडणार नाही. तिथे रबराचा थर तिरका ओढला जाऊन शक्ती पोहोचवतो, आणि संशोधक फरबँक यांनी १९७० मध्ये मांडलेली कर्तन-विकृतीची, म्हणजे थराच्या या तिरके होण्याची, बाजू धरावीच लागते. प्रत्येक तुकड्याखाली तिरकी वाकणारी एक आडवी स्प्रिंग जोडून तो थर उभा करण्याचे काम सध्या हातात आहे.